आधी हात बाप झाले

बाप होणार हे कळलं त्या आठवड्यात माझ्या शरीरात काहीही बदललं नाही. गोष्ट साधी आहे, पण पुढचे कित्येक महिने तीच मला छळत राहिली. बायकोला मळमळायचं, रोजचे वास नकोसे व्हायचे, भर दुपारी डोळे मिटायला लागायचे. तिला विसरायची सोयच नव्हती. मी मात्र सकाळी उठून कामाला जायचो, मीटिंगांमध्ये बसायचो आणि मधेच कधीतरी आठवायचं, अरे, आपल्याला मूल होणार आहे. ही गोष्ट आपल्याला आठवावी लागते, याचंच मला वाईट वाटायचं.

माझी समजूत अशी होती, की बापपण आतून उगवतं. सोनोग्राफीच्या खोलीत म्हणा किंवा बाळाला पहिल्यांदा बघताना म्हणा, छातीत काहीतरी हलतं आणि माणूस बाप होतो. माझ्या बाबतीत क्रम उलटा निघाला. हात आधी शिकले, मन बऱ्याच उशिरा येऊन मिळालं. त्या मधल्या काळात कुणीतरी मला सांगायला हवं होतं, की असंही होतं आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. म्हणून हे लिहायला बसलोय.

पहिल्या सोनोग्राफीला डॉक्टरांनी पडद्यावर लुकलुकणारा एक ठिपका दाखवला आणि आवाज मोठा केला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, "इतके भराभर ठोके पडणं बरोबर आहे का?" डॉक्टर म्हणाल्या, अगदी बरोबर. मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला ६० ते १००, पोटातल्या बाळाचे साधारण ११० ते १६०, आणि नवव्या आठवड्याच्या सुमारास तर त्याहूनही जास्त. ते आकडे घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात घोळत होते. आनंद झाला नाही असं नाही, पण आनंदाच्या आधी काळजी येऊन पोचली होती. पुढेही बहुतेक वेळा तीच आधी यायची.

मग मला वाचायचा नाद लागला. गरोदरपणाचे ४० आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पहिले दोन आठवडे बाळ नसतंच, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच असतात, हेही. तरी ती तारीख मी कॅलेंडरवर ठळक करून ठेवली होती. वाचत असलो की आपणही काहीतरी करतोय असं वाटायचं. ती मूल वाढवत होती आणि मी मुलाबद्दल वाचत होतो, आमची कामाची वाटणी तेव्हा अशी होती.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीला ही तयारी कामाला आली नाही. त्या तपासणीत बाळाचा एकेक अवयव बघतात. हृदयाचे चार कप्पे, मणका, मूत्रपिंडं, ओठ, मांडीचं हाड, डोक्याचा घेर. तपासणाऱ्या डॉक्टर सुरुवातीला बोलत होत्या, हे बघा हात, हे बघा पाऊल. हृदयापाशी आल्यावर त्या गप्प झाल्या. पोटावरचं यंत्र एका जागी थांबलं, किंचित तिरकं झालं, सरकलं, पुन्हा तिथेच आलं. बटणाचा टक असा आवाज, पडद्यावर दोन बिंदू, मधे एक रेघ, खाली आकडा. पुन्हा टक. बायको छताकडे बघत होती. तिने माझी दोन बोटं घट्ट धरली होती आणि मी डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते शोधत होतो. शेवटी त्या म्हणाल्या, बाळ पाठ करून बसलंय, दिसू देत नाहीये. त्यांनी बायकोला कुशीवर वळायला लावलं, थोडं फिरून यायला सांगितलं, आणि मग चारही कप्पे नीट दिसले. सगळं व्यवस्थित होतं. बाहेर आल्यावर बायको हसायला लागली आणि मला जिन्यातच बसावं लागलं. पाय खरोखर थरथरत होते. या सगळ्या प्रकरणात माझ्या शरीराने पहिल्यांदा काही जाणवून दिलं ते तिथे, त्या जिन्यात.

बाळाचं हलणं तिला तोपर्यंत कळायला लागलं होतं. पहिल्या खेपेला ते साधारण १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास जाणवतं, बाहेरून हाताला लागायला आणखी काही आठवडे जावे लागतात. ती "आत्ता, आत्ता" म्हणायची, मी हात ठेवायचो आणि आत सगळं शांत. मग एका रात्री तिचा डोळा लागलेला असताना माझ्या तळहाताला आतून चक्क ढुशी बसली. मी तिला उठवलं नाही. तोवर बाळाबद्दलचं सगळं मला तिच्याकडून किंवा डॉक्टरांकडून कळत होतं. हे थेट मला मिळालं होतं.

या काळातल्या भीतीबद्दल पुरुष फारसे बोलत नाहीत. बायकोला किंवा बाळाला काही झालं तर, ही भीती सांगता येते. बाकीच्या सांगता येत नाहीत. नोकरी गेली तर काय. मीच गेलो तर काय. रस्ता ओलांडताना मी एरवीपेक्षा जास्त थांबायला लागलो होतो आणि विम्याची कागदपत्रं पुन्हा पुन्हा काढून बघायचो. मूल झाल्यावर आम्ही दोघं एकमेकांना पूर्वीसारखे उरणार नाही, अशीही एक भीती होती. आणि सगळ्यांच्या तळाशी, कुणासमोर उच्चारता न येणारी एक: मला बाळाबद्दल काही वाटलंच नाही तर?

भेटेल तो विचारायचा, "ती कशी आहे?" ते योग्यच होतं, त्रास तिला होत होता. पण तुम्ही कसे आहात हे कुणीच विचारत नसलं, की हळूहळू आपणही स्वतःला ते विचारायचं सोडून देतो. माझा हा अनुभव पुढे फार महागात पडू शकला असता. त्याबद्दल खाली लिहितो.

एकदा मी बाबांना विचारलं. आमच्यात असं बोलणं कधी होत नाही, त्यामुळे प्रश्न विचारायलाच मला वेळ लागला. "बाबा, मी झालो तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खरं सांगू? भीती वाटली होती. एवढंसं बाळ. तुझ्या आईच्या हातातच बघायचो. पुष्कळ दिवस मी तुला घेतलंच नाही, हातातून पडशील असं वाटायचं. मग तशीच सवय राहिली."

शेवटचं वाक्य ते सहज बोलून गेले, पण माझ्या मनातून ते जाईना. माझ्या लहानपणातले बाबा म्हणजे संध्याकाळी दारातून आत येणारे, वर्तमानपत्रामागे बसलेले, प्रगतिपुस्तकावर सही करणारे. त्यांच्या मायेबद्दल मला कधी शंका नव्हती, पण ते नेहमी थोडे लांब उभे असत आणि ते का, हे मला कधी उमगलं नव्हतं. पहिल्या दिवसांत ते बाहेर राहिले आणि नंतर आत यायला निमित्त मिळालं नाही, एवढंच असेल का? त्या रात्री मी एक गोष्ट मनाशी पक्की केली. मला काय वाटायचं ते वाटो, काही न वाटलं तरी चालेल, पण बाळाला हात लावण्यात मागे राहायचं नाही.

कळा सुरू झाल्या आणि फार लांबल्या. मला आत थांबायची परवानगी होती. तिची कंबर दाबायची, घोट घोट पाणी द्यायचं आणि मॉनिटरकडे बघत राहायचं. बाळाच्या ठोक्यांचा आकडा किती असायला हवा ते मला पाठ होतं, त्यामुळे तो शंभराच्या खाली उतरला आणि तिथेच रेंगाळला तेव्हा मला कुणी काही सांगावं लागलं नाही. खोलीत एकदम माणसं वाढली. सिझेरियन करायचं ठरलं. माझ्यापुढे संमतीपत्र आलं. त्यावरचे धोके मी वाचले का ते आठवत नाही, सही केल्याचं आठवतं. तिला आत नेताना तिने मान वळवून सांगितलं, "तू बाळाबरोबर राहा. माझ्याजवळ सगळे आहेत."

दाराबाहेरच्या त्या वेळाबद्दल खरं सांगायचं तर मी बाळाचा विचार करतच नव्हतो. फक्त तिचा करत होतो. तिच्याशिवायचं आयुष्य मला दिसत होतं आणि मी ते डोळ्यांसमोरून हटवायचा प्रयत्न करत होतो. बाळ तोवर माझं कुणी नव्हतं. असं लिहिताना आजही जड जातं, पण बाहेर बसलेल्या पुष्कळ जणांचं हेच होत असणार अशी माझी खात्री आहे.

सिस्टर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आल्या. "मुलगी आहे. आई बरी आहे." अंगावर पांढरट चिकट थर, हातपाय निळसर, डोकं एका बाजूला निमुळतं झालेलं. हे सगळं नेहमीचं असतं, पहिले काही तास हातापायांच्या टोकांना रक्त पुरेसं पोचत नाही, असं सिस्टर मी न विचारताच सांगत होत्या. बाळ जन्मल्यावर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला त्याचा रंग, ठोके, श्वास, अंगातला जोर आणि प्रतिसाद बघून दहापैकी गुण देतात. व्हर्जिनिया अॅपगार या डॉक्टरांनी १९५२ मध्ये ही पद्धत तयार केली. आमच्या लेकीचे पहिल्या मिनिटाचे गुण कमी होते आणि पाचव्याला ते सावरले होते, हे मी नंतर कागदावर वाचलं. त्या चार मिनिटांत आतल्या माणसांनी काय काय केलं असेल, याचा विचार करून आजही माझे हात आपोआप जोडले जातात.

ज्या क्षणाची मी वाट बघत होतो तो हाच होता. छातीत काहीही हललं नाही. सुटका वाटली, अंगातलं बळ निघून जावं इतकी सुटका, की दोघी जिवंत आहेत. बाळाकडे बघून ओळख मात्र पटली नाही. मिटलेले डोळे, कपाळावर आठ्या, कुणासारखा न दिसणारा एक गंभीर चेहरा. सिस्टर म्हणाल्या, आईला यायला वेळ आहे, शर्टाची बटणं काढा आणि हिला छातीवर घ्या. उघड्या अंगाला अंग लावून बाळाला ऊब देण्याची ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगर रे या डॉक्टरांनी सुरू केली. तिथे कमी वजनाच्या बाळांसाठी इनक्युबेटर पुरत नव्हते. ती आता जगभर वापरतात आणि ते काम बापही करू शकतो. मी बटणं काढली. बाळ पोटावर पालथं, कान माझ्या छातीला लागलेला. तिचा श्वास आधी भराभर चालला होता, तो हळूहळू संथ झाला. मला प्रेम वाटत नव्हतं, पण माझ्या अंगाचा तिला उपयोग होत होता.

तिसऱ्या दिवशी तिचा रंग पिवळट दिसायला लागला. नवजात बाळांमध्ये कावीळ पुष्कळ जणांना होते. जुन्या लाल पेशी मोडताना बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं आणि ते बाहेर टाकायला बाळाचं यकृत अजून पुरतं तयार नसतं. तिचं प्रमाण वाढत गेलं तसं तिला निळ्या दिव्याखाली ठेवायचं ठरलं. त्या प्रकाशाने बिलिरुबिनचं रूप बदलतं आणि ते शरीराबाहेर पडू शकतं. या उपचाराची सुरुवात एका सिस्टरच्या बारीक नजरेतून झाली. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात नेत असत. एका बाळाच्या अंगाचा झाकलेला भाग पिवळाच राहिला आणि उघडा भाग निवळला, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. १९५८ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. त्या दिव्याशेजारी बसून मी हे वाचलं तेव्हा त्या कधी न पाहिलेल्या बाईंबद्दल मला फार माया वाटली.

बायकोचे टाके ताजे होते, तिला उठता-बसता येत नव्हतं. पाजायला तेवढं बाळाला तिच्याकडे न्यायचं आणि परत दिव्याखाली आणायचं. बाकीचा सगळा वेळ मी तिच्याजवळ. अंगावर फक्त डायपर, डोळ्यांवर पट्टी. पट्टी सारखी नाकावर घसरायची, ती करंगळीच्या टोकाने वर सरकवायची. ठरावीक वेळाने कूस बदलायची, म्हणजे सगळ्या अंगाला प्रकाश लागतो. दिव्याखाली असताना शी पातळ आणि हिरवट होते, तेवढं बिलिरुबिन बाहेर पडतंय म्हणून मला ती बघून बरं वाटायचं. डायपर बदलताना दोन्ही घोटे एका हातात धरायचे, पण मधे आपलं एक बोट ठेवायचं, नाहीतर हाडाला हाड लागतं. पुसायचं ते नेहमी पुढून मागे. नाळेचा सुकत चाललेला तुकडा डायपरच्या बाहेर राहील अशी वरची कड दुमडायची. हे सगळं मला रात्रपाळीच्या एका सिस्टरने शिकवलं. पहिल्यांदा माझे हात कापत होते तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "डोकं आणि मान सांभाळा. बाकी ती सांगेल." आणि खरंच ती सांगायची. मूठ तोंडाकडे गेली की भूक, अंगाला आळोखेपिळोखे दिले की ढेकर अडकलीय, पाय पोटाशी ओढले की वारा धरलाय. घरी जायची वेळ आली तोवर तिच्याबद्दलच्या काही गोष्टी मला बायकोपेक्षा जास्त माहीत होत्या.

घरी आल्यावर मात्र मी पुन्हा एक पायरी खाली आलो. घर माणसांनी भरलेलं, प्रत्येकाकडे सल्ला. मी डायपर बदलला तर कौतुक व्हायचं, "बायकोला किती मदत करतो!" सुरुवातीला बरं वाटलं. मग ते खुपायला लागलं. दिव्याखाली मी कुणाला मदत करत नव्हतो. आणि इथे, न कळत, मी बायकोला विचारून विचारून कामं करायला लागलो होतो. हिला आता पाजायचं का? टोपी घालू का? रडतेय, काय करू? एका रात्री ती थकून म्हणाली, "प्रत्येक गोष्ट मला विचारलीस तर हात तुझे चालतात पण डोकं माझंच चालतं. तू बघ आणि तू ठरव. चुकलं तर चुकलं."

मला वाटतं, बाप होण्यातली खरी उडी हीच आहे. काम करणं अवघड नाही. उत्तर आपल्याकडे असायला हवं, कुणाकडे वळून बघायचं नाही, हे अवघड आहे. ती टाके दाखवायला डॉक्टरांकडे गेली त्या दुपारी मी लेकीबरोबर पहिल्यांदा एकटा होतो. पोट भरलेलं, डायपर कोरडा, ताप नाही, आणि तरी ती रडत होती. बाळांचं रडणं पहिल्या काही आठवड्यांत वाढतच जातं, साधारण सहाव्या आठवड्याला कळस गाठतं आणि मग ओसरतं. पुष्कळदा त्यामागे कारण सापडत नाही. हे मला माहीत होतं, पण ते कानाशी रडत असताना माहीत असण्याचा काय उपयोग? खांद्यावर घेतलं, मांडीवर घेतलं, फेऱ्या मारल्या. फोन हातात होता, लावला नाही. शेवटी तिला माझ्या हातावर पालथं घेतलं, गाल कोपराच्या खळग्यात, पाय मनगटाच्या दोन्ही बाजूंना, आणि दुसरा तळवा पाठीवर ठेवून खिडकीपाशी डुलत राहिलो. रडणं हुंदक्यांवर आलं, मग हुंदकेही विरले. तिच्या अंगाचं वजन एकदम वाढल्यासारखं झालं, म्हणजे ती झोपली. ती पद्धत तेव्हापासून आमची ठरली. बायको आली तेव्हा मी तसाच उभा होतो. तिने काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

रात्री वेगळ्या होत्या. नवजात बाळ मिनिटाला ३० ते ६० श्वास घेतं, आणि ते एकसारखे नसतात. भराभर काही श्वास, मग पाच-दहा सेकंद काहीच नाही, मग पुन्हा सुरू. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. पण अंधारात ते सेकंद आपल्या अंगावरून जातात. मी उठून पाळण्यापाशी जायचो, तिच्या पोटाशी हात नेऊन थांबायचो, आणि ते वर आलं की परत येऊन पडायचो. बाळाला नेहमी पाठीवर झोपवायचं, उशी, जाड पांघरूण, खेळणी जवळ ठेवायची नाहीत, हे आम्ही काटेकोर पाळत होतो. पालथं झोपणं धोक्याचं असतं हे कळल्यावर १९९० च्या दशकात बऱ्याच देशांनी याचा प्रचार केला आणि झोपेत दगावणाऱ्या बाळांची संख्या खूप खाली आली. काळजी घेणं आणि काळजी करणं यांतली रेघ मला त्या रात्री सापडत नव्हती. जागं राहून मी तिला काहीच देत नव्हतो, तरी झोप यायची नाही.

बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर सगळ्यांना वाटतं, आता घडी बसली. माझं उलट झालं. मी चिडका झालो. चमचा पडला तरी डोकं फिरायचं. ऑफिसातून उशिरा निघायचो, गाडीत उगाच बसून राहायचो. मित्रांचे फोन घ्यावेसे वाटत नव्हते. जो माणूस त्यांच्याशी बोलायचा तो मला सापडत नव्हता आणि नवा माणूस अजून पुरता झाला नव्हता. रडू येत नव्हतं, म्हणून हे नैराश्य असेल असं मनातही आलं नाही. लसीकरणाच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनी बाळाचं वजन लिहिता लिहिता विचारलं, "आणि बाबा झोपतात का?" मी "हो" म्हणालो आणि माझा आवाज फुटला.

त्यांनी सांगितलं ते असं. २०१० मध्ये बऱ्याच देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात दहापैकी साधारण एका बापाला मुलाच्या जन्माच्या आगेमागे नैराश्य आल्याचं दिसलं, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना ते सगळ्यात जास्त होतं. पुरुषांमध्ये ते चिडचिड, कामात बुडून जाणं, घरापासून तुटणं अशा वेषात येतं, त्यामुळे घरच्यांनाही आणि त्याला स्वतःलाही ओळखू येत नाही. त्यांनी मला समुपदेशकांकडे पाठवलं. मी काही महिने गेलो. मला त्याचा फार उपयोग झाला. ज्याला हे वाचताना आपलं काहीतरी सांगितल्यासारखं वाटेल, त्याने बाळाच्याच डॉक्टरांना सांगून सुरुवात करावी; तिथे ते सांगणं मला सगळ्यात सोपं गेलं.

तिथेच आणखी एक गोष्ट कळली, जिने मला धीर दिला. माझ्या शरीरात काही बदलत नाही असं मी धरून चाललो होतो. फिलिपिन्समधल्या सेबू इथे सहाशेहून अधिक तरुण पुरुषांची काही वर्षांच्या अंतराने तपासणी झाली होती आणि २०११ मध्ये ती प्रसिद्ध झाली. जे त्या काळात बाप झाले त्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांमधलं मुख्य संप्रेरक, इतरांपेक्षा बरंच उतरलं होतं, आणि जे रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलाचं करत होते त्यांचं सगळ्यात कमी होतं. म्हणजे शरीर बदलत असतं. गरोदरपण नसेल, पण रोजचं उचलणं, धुणं-पुसणं, जोजवणं हेही शरीरापर्यंत पोचतं. बाबा ज्या कामांपासून लांब राहिले तीच ही कामं.

बायको आणि मी या काळात एकमेकांना फार कमी भेटलो. एकाच घरात होतो, पण एक झोपलेला आणि एक जागा. आम्ही रात्रीचे दोन भाग केले होते; पहिला माझा, काढून ठेवलेलं दूध द्यायचो. त्याने आमची दोघांची सलग झोप वाचली, पण बोलायचं ते फक्त दूध किती प्यायली आणि शी झाली का. ती मला अनोळखी वाटायची, मी तिला वाटत असणार. समुपदेशकांच्या सांगण्यावरून मी तिला जिन्यातल्या थरथरणाऱ्या पायांपासून दाराबाहेरच्या वेळेपर्यंत सगळं सांगितलं. बाळाला बघून मला काही वाटलं नव्हतं, हेसुद्धा. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मलाही नव्हतं वाटलं. मला फक्त झोपायचं होतं." इतके महिने आम्ही दोघं हीच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो.

लेकीबद्दलचं प्रेम कधी आलं ते मला सांगता येणार नाही, कारण ते आलेलं मी बघितलं नाही. सहा-आठ आठवड्यांच्या सुमारास बाळं माणसाकडे बघून हसायला लागतात, तेव्हा थोडं. नखं कापताना ती विश्वासाने बोट सोडून द्यायची, तेव्हा थोडं. पहिल्या मोठ्या तापात तिला पुसून काढताना एकदम जाणवलं, की मी आता घाबरलोय ते सुटका मिळावी म्हणून घाबरलेलो नाही, तिच्यासाठी घाबरलोय. ते कधीपासून होतं कोण जाणे.

आता ती वर्षाची होऊन गेलीये. आठव्या-नवव्या महिन्यापासून मुलांना कळायला लागतं, की डोळ्यांसमोरून गेलेलं माणूस कुठेतरी असतं, आणि म्हणूनच त्याचं जाणं सहन होत नाही. मी निघालो की ती रडते. तिचं लक्ष नसताना हळूच निघून जा, असं घरचे सांगतात. मी तसं करत नाही. बूट घालायच्या आधी तिला कडेवर घेतो, जातोय हे सांगतो, संध्याकाळी येणार हेही सांगतो. ती रडते, मी जातो. ती झोपायच्या आत परत पोचायला हवं म्हणून मी कामाची वेळ तासभर अलीकडे घेतली आहे. त्यासाठी एक चांगला प्रकल्प सोडावा लागला. साहेबांनी कारण विचारलं, मी लेकीचं नाव सांगितलं.